शुद्धीवर यायला वेळ लागतोय

माझा नवरा फार घोरायचा. लग्नानंतरचे पहिले काही महिने मी उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला जायचे. मग सवय झाली. पुढे तर तो कामासाठी बाहेरगावी गेला की त्या आवाजाशिवाय मला झोप लागेना. त्याच्या घोरण्यावर घरात कायम थट्टा चालायची. त्यावर इलाज करावा असं कुणाला कधी वाटलं नाही.

त्याच्या कंपनीने जयपूरला ऑफिस उघडलं तेव्हा आम्ही पुण्याहून इकडे आलो. मी मूळची नाशिकची, तो अकोल्याकडचा. वैशाली नगरात भाड्याने फ्लॅट घेतला. मला जवाहर नगरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. शहर ओलांडून स्कूटरने जावं लागायचं, पण शाळा चांगली होती. मुलगी पहिलीत गेली आणि दिवाळीपर्यंत खेळताना, भांडताना हिंदीतच बोलायला लागली. आमच्याशी मराठी बोलायची, पण मधेमधे ‘मतलब’ टाकून. तिच्या बाबाला त्याची गंमत वाटायची आणि मला काळजी. त्या दिवसांत काळजी करण्यासारखं एवढंच होतं.

इकडच्या उन्हाळ्यात धूळ खाली बसतच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचं नाक जे चोंदलं ते उघडेचना. डोकं दुखायचं. संध्याकाळी घरी आला की डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसायचा आणि मुलगी त्या टॉवेलखाली शिरायला बघायची. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नाकाच्या आतलं हाड वाकडं आहे, सरळ करून घ्या. सकाळी भरती व्हायचं, दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर मोकळे होते, हसरे होते. घोरणंसुद्धा कमी होईल म्हणाले, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

हॉस्पिटल नवं होतं. काचेची दारं, खाली कॉफीचं दुकान, प्रत्येक मजल्यावर हात जोडून उभी असलेली गणवेशातली मुलगी. आम्हाला सकाळची वेळ दिली होती, ती दुपारवर गेली. आधीची ऑपरेशनं लांबली, असं सिस्टर म्हणाली. तो उपाशीपोटी वैतागला होता. मागे नाडी बांधलेला हिरवा झगा घालून खाटेवर बसून फोनवर ऑफिसचे मेल बघत होता. न्यायला आले तेव्हा फोन माझ्या हातात देत म्हणाला,

“पोरीला शाळेतून घ्यायला शेजारच्या काकूंना सांगितलंस ना?”

“सांगितलं.”

“मग तू जा खाली, काहीतरी खाऊन घे. सकाळपासून माझ्याबरोबर उपास करतेयस.”

ट्रॉली लिफ्टमध्ये शिरली. त्यानंतर तो माझ्याशी काही बोललेला नाही.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर खुर्च्यांच्या रांगा होत्या. मी खाली गेले, एक सँडविच घेतलं, अर्धं खाल्लं आणि परत वर आले. काही वेळाने सर्जन बाहेर आले. मास्क हनुवटीखाली ओढलेला होता. “बढ़िया हो गया,” ते म्हणाले. “हड्डी एकदम सीधी. अब होश में आ रहे हैं, थोड़ी देर में रूम में भेजते हैं.” मी सासूबाईंना अकोल्याला फोन केला आणि झालं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, देवापुढं साखर ठेवते.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. माझ्या शेजारी एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्या मुलाला माझ्या नवऱ्यानंतर आत नेलं होतं, हातात सळई घालायची होती म्हणे. त्या मुलाला बाहेर आणलं तेव्हा मी उठून उभी राहिले. मला वाटलं, क्रम चुकला असेल. काउंटरवर विचारलं. तिथली मुलगी आत फोन करून म्हणाली, “होश आने में टाइम लग रहा है, मैडम. किसी-किसी को लगता है.”

मी परत जाऊन बसले. तिचं म्हणणं मला पटलं होतं. झोपायला लागला की उठवणं कठीण, असा तो माणूसच होता. एक सिस्टर धावत आत गेली, तिच्यामागे एक माणूस कसलंसं यंत्र ढकलत गेला. ते दुसऱ्या कुणासाठी असेल असं मी धरून चालले.

सर्जन पुन्हा आले ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मघाशी ते उभ्यानेच बोलले होते. ते म्हणाले, भूल उतरताना थोडा प्रॉब्लेम झाला, हृदय काही वेळ थांबलं होतं, आम्ही ते परत चालू केलं आहे, आता खबरदारी म्हणून मशीनवर ठेवतो आहोत. मी विचारलं, “म्हणजे तो बरा आहे?” ते म्हणाले, “देखिए, ऑपरेशन से इसका कोई लेना-देना नहीं है. ऑपरेशन तो सक्सेसफुल है.”

हे वाक्य त्यांनी पुढच्या दिवसांत मला इतक्या वेळा सांगितलं, की एकदा मी त्यांना म्हणाले, “हो, नाक सरळ झालंय. मी पाहिलंय.” त्यानंतर ते मला फारसे भेटले नाहीत.

आयसीयूत सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ सोडायचे. नाकात पट्ट्या, तोंडात नळी, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत असलेली. घोरण्याचा आवाज नाही. मी हात धरून बोलायचे. मुलीने काय खाल्लं, ऑफिसातून कुणाचा फोन आला. काही दिवसांनी त्याने डोळे उघडले आणि मी ओरडून सिस्टरला बोलावलं. ती आली, वाकून बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे वळत नव्हते. छताकडेही बघत नव्हते. नुसते उघडे होते.

सासूबाई दिराबरोबर आल्या. चपला दाराबाहेर काढून आत गेल्या, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, “काय म्हनते डॉक्टर?”

“वेळ लागेल म्हणतात.”

“किती?”

“ते नाही सांगत.”

“पोरी, नाकाच्या आपरेशनाले नेलं होतं नं त्याले?” त्या म्हणाल्या. “मंग हे काऊन असं झालं?”

हाच प्रश्न मी सगळ्यांना विचारत होते. उत्तरं मिळायची, पण ती सगळी सारखी असायची. कधी कधी होतं. प्रत्येक शरीर वेगळं असतं. हे आमच्या हातात नसतं.

आम्हाला खरं काही सांगितलं असेल तर ते एका ताईंनी. जयपूरच्या लष्करी छावणीत काही मराठी कुटुंबं आहेत. त्यांतल्या बायकांनी रविवारी सकाळी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवला होता, आमची मुलगी तिथे जायची. तो वर्ग घेणाऱ्यांत या ताई होत्या. साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत अधिकारी आणि त्या स्वतः लष्कराच्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. मुलगी दोन रविवार आली नाही म्हणून त्यांनी फोन केला आणि ऐकल्यावर त्याच संध्याकाळी आल्या. आयसीयूतून बाहेर आल्यावर त्यांनी मला हॉस्पिटलच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नेलं.

“अगं, तो घोरतो का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, “हे बघ, आत काय झालं ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. पण असं कसं होतं ते मी तुला सांगू शकते. ऐकवेल का तुला?”

“सांगा.”

“या ऑपरेशननंतर नाकात बोळे घालतात. माणसाला तोंडानेच श्वास घ्यावा लागतो. भूल देताना श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली तेव्हा तो श्वास घेत असणार. पण भूल पूर्ण उतरलेली नसते. घोरणाऱ्याची जीभ मागे पडते, घसा मिटतो. जागा माणूस कूस बदलतो, दचकून उठतो. हा उठू शकत नाही. अशा वेळी उशाशी कुणीतरी उभं राहायला लागतं, हनुवटी वर धरून. बस, एवढंच. हनुवटी वर धरायची आणि त्याला हाका मारत राहायचं.”

“आणि कुणी नव्हतं?”

“मला माहीत नाही.”

“पण ते मशीन असतं ना? बोटाला चिमटा लावतात ते. ते वाजत नाही का?”

“वाजतं,” ताई म्हणाल्या. “आवाज चालू असला तर वाजतं. आणि वाजलेलं ऐकायला कुणी असलं तर.”

चहा तसाच राहिला. समोर हॉस्पिटलच्या काचांवर ऊन पडलं होतं आणि ती गणवेशातली मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होती. मी शाळेत मुलांना श्वसन शिकवते. फळ्यावर फुप्फुसं काढते, प्राणवायू रक्तात कसा जातो, मेंदूला तो न मिळाला तर काय होतं, ते बाण काढून दाखवते. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं मी ते नुसतं बोलत होते.

तक्रार करायला ताईंनीच सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही जे मला सांगितलंत ते लिहून द्याल का? त्या खूप अवघडल्या. सरकारी नोकरीत असल्यामुळे असं बाहेरच्या हॉस्पिटलविरुद्ध लिहून देता येत नाही, म्हणाल्या. मला ते समजलं. त्या दर आठवड्याला यायच्या, त्याच्या छातीतला कफ कसा काढायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कसं वळवायचं, ते सासूबाईंना शिकवायच्या. मग त्यांच्या नवऱ्याची बदली ईशान्येकडे झाली. जाताना त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी रडले नाही. मला वाटतं, तोवर माझं रडणं आटलं होतं.

डॉक्टरांच्या परिषदेकडे केलेल्या तक्रारीचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. समितीत डॉक्टरच होते. मला एकदा बोलावलं. लांब टेबलाच्या त्या टोकाला ते बसले होते. एकाने सौम्य आवाजात विचारलं, तुम्ही आत होता का? मी म्हटलं, नाही. मग तुम्हाला कसं माहीत, की कुणी जवळ नव्हतं? मी म्हटलं, कुणी असतं तर तो असा झाला नसता. त्यांनी मान हलवली. अशिक्षित माणसाचं बोलणं ऐकून घ्यावं तशी. भुलेची ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, निष्काळजीपणा दिसत नाही, असा निकाल आला. वकिलाने ग्राहक न्यायालयात जाऊ म्हटलं. ते प्रकरण अजून चालू आहे. चालू आहे म्हणजे तारखा पडतात.

आम्ही त्याला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत हॉस्पिटलसारखी खाट ठेवली. कंपनीने काही महिने वाट बघितली आणि मग त्याचा लॅपटॉप न्यायला एक मुलगा पाठवला. तो मुलगा खाटेकडे न बघता लॅपटॉप घेऊन गेला. वर्षभराने माझा नवरा बसवलं तर खुर्चीत बसायला लागला, पातळ केलेलं अन्न भरवलं तर गिळायला लागला. आणि हसायला लागला. माझ्याकडे बघून हसला तेव्हा मला वाटलं, ओळखलं. मग तो कचरा न्यायला येणाऱ्या बाईकडे बघूनही तसाच हसला, पंख्याकडे बघूनही.

सासूबाई इथेच राहिल्या. त्यांचं गावचं घर बंद पडलं. रोज सकाळी त्या त्याला तिळाच्या तेलाने मालीश करायच्या, मग भरवायच्या, आणि भरवताना बोलत राहायच्या. गावात कुणाचं लग्न ठरलं, विहिरीला पाणी किती आहे. पहिली दोन वर्षं त्या रोज म्हणायच्या, “होते बरा. पाह्य तू.” मग म्हणायचं कमी झालं. एकदा दुपारी मी शाळेतून आले तर त्या हातात वाटी धरून तशाच बसल्या होत्या. तो हसत होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

“मी याले दुसऱ्यांदा वाढवून राह्यली, बाई. पन ह्या बारीनं हा मोठाच होत नाही.”

त्यानंतर तो बरा होईल असं आमच्या घरात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

भूल देणारे डॉक्टर आमच्या घरी आले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी. मी त्यांना ओळखलं नाही. ऑपरेशनच्या आधी ते दोन मिनिटं येऊन दात हलतात का, दमा आहे का, विचारून गेले होते, एवढंच. चाळिशीतला, खांद्यात वाकलेला माणूस. हातात फळांची पिशवी. ऑफिसातलं कुणी असेल असं समजून सासूबाईंनी पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “उस दिन मैं ही था.”

ते खाली बघत हिंदीत सांगत राहिले. त्या दिवशी दोन थिएटर चालू होती आणि दोन्हीकडे भूल द्यायला ते एकटेच. नळी काढली तेव्हा माझा नवरा श्वास घेत होता, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. शेजारच्या खोलीत हात मोडलेल्या मुलाचं ऑपरेशन आटपलं होतं, त्याला जागं करायचं होतं, तिथले सर्जन हाका मारत होते, किती वेळ थांबायचं म्हणून. ते थिएटरमधल्या मदतनिसाला ‘लक्ष ठेव’ सांगून तिकडे गेले. मदतनीस सामान आवरायला लागला, पुढचा पेशंट घ्यायचा होता. मॉनिटरचा आवाज बारीक केलेला होता.

“कुणी केला होता?” मी विचारलं.

“कुणी म्हणजे... आम्हीच करतो. ते सारखं वाजतं. चिमटा जरा सरकला तरी वाजतं. सर्जन चिडतात. मी परत आलो तेव्हा ओठ निळे झाले होते.”

“किती वेळ गेला होता?”

“मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

मी इतकी वर्षं ज्या उत्तरासाठी धडपडले होते ते मला मिळालं होतं. चहाच्या टपरीवर ताईंनी सांगितलेलंच ते होतं. मला वाटलं होतं, खरं कळलं की आत काहीतरी हलेल, राग येईल, निदान. काही झालं नाही. मी त्यांना म्हटलं, “हे तुम्ही समितीला का नाही सांगितलंत? आता कोर्टात सांगा.”

“मुझसे नहीं होगा,” ते म्हणाले. नोकरी जाईल, या शहरात दुसरी मिळणार नाही, मुलं शिकतायत. “दुसरा माणूस हवा, म्हणून मी हॉस्पिटलच्या मालकांकडे आधीही बोललो होतो. बघू म्हणाले. मी सोडून गेलो तर माझ्या जागी कुणी येईल आणि तोही असाच पळत राहील.”

“अजून दोन्ही खोल्यांना तुम्ही एकटेच?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“अब तीन हो गए हैं,” ते म्हणाले. “नया विंग खुला है.”

उठताना ते माझ्या नवऱ्याच्या खुर्चीजवळ गेले आणि त्याच्या गुडघ्याला हात लावून उभे राहिले. तो त्यांच्याकडे बघून छान हसला. ते कसे तरी दारापर्यंत पोचले आणि गेले.

सासूबाईंनी विचारलं, कोण होता हा. मी सांगितलं. त्यांनी फळांच्या पिशवीकडे बघितलं. मी म्हटलं, “आई, आधी कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“काय करतो?” त्या म्हणाल्या. “पानी त देल्लंच असतं.”

फळं त्यांनी खालच्या वॉचमनला देऊन टाकली.

ही सगळी गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित लिहिलीही नसती. पण मागच्या पावसाळ्यानंतर एके सकाळी शाळेला निघताना मुलगी पोट धरून वाकली. आधी मला वाटलं, परीक्षा आहे म्हणून असेल. मग तिला उलटी झाली आणि ताप चढला. आमच्या घराजवळचं ते हॉस्पिटल मला नको होतं, म्हणून मी तिला रिक्षात घालून राजा पार्ककडच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला ती कण्हत होती. सर्जनने पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, अपेंडिक्स आहे, फुटायच्या बेतात आहे, आजच काढावं लागेल.

मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचं म्हटलं. सर्जनना ते आवडलं नाही, पण त्यांनी बोलावलं. तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी तिला विचारलं, तुम्ही शेवटपर्यंत आत थांबणार का? माझी मुलगी पूर्ण जागी होईपर्यंत? मॉनिटरचा आवाज चालू असेल का? बोलताना माझा आवाज शिकवताना लागतो तसा लागला होता, हे मला कळत होतं.

“मैडम, मैं हूँ ना,” ती म्हणाली.

“शेजारच्या खोलीत दुसरा पेशंट आहे का?”

“अभी तो नहीं है.”

“आणि आला तर?”

“इमरजेंसी आई तो देखना पड़ता है, मैडम,” ती म्हणाली. “मैं अकेली हूँ.”

तिने खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. मी सर्जनना विचारलं, दुसरीकडे नेलं तर? ते म्हणाले, न्या, पण वाटेत फुटलं तर मग माझ्याकडे आणू नका. आणि दुसरीकडे तरी काय वेगळं असणार होतं? मी सही केली.

मुलगी ट्रॉलीवर पडली होती. तिने माझं बोट धरलं.

“आई, मी बाबांसारखी नाही ना होणार?”

“नाही.”

“मतलब, कशावरून?”

ती आता मोठी झाली आहे. तिला नुसतं ‘नाही’ पुरत नाही. मी म्हटलं, “डॉक्टरताई तुझ्याजवळच थांबणार आहेत. मी विचारलंय त्यांना.”

“प्रॉमिस केलंय त्यांनी?”

“हो.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिला खरं वाटलं की नाही हे मला अजून माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

ती बाहेर आली. वेदनेने रडत होती, मला हाका मारत होती आणि तो आवाज मी दार उघडायच्या आधी ऐकला. मी प्रश्न विचारले म्हणून ती परत आली असं मला वाटत नाही. त्या दुपारी दुसरा इमर्जन्सीचा पेशंट आला नाही, इतकंच. तो आला असता तर त्या थकलेल्या मुलीला जावंच लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी झोपलेली असताना मी पाणी घ्यायला बाहेर आले. थिएटरच्या दारासमोर एक बाई बसली होती, माझ्यापेक्षा लहान, मेंदीच्या हातांची. तिच्या नवऱ्याला हर्नियासाठी न्यायची तयारी चालली होती. शेजारी तिचा दीर होता. तिने मला विचारलं, आपका कौन है अंदर? मी सांगितलं, मुलगी होती, आता बरी आहे. तिला बरं वाटलं. तिने माझ्यासाठी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून जागा केली.

मी बसले. आणि मी तिला सांगितलं. नवऱ्याचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, त्यांना आत न्यायच्या आधी विचारून घ्या, भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत जवळ थांबणार आहेत ना. जागं होईपर्यंत. ते घोरत असतील तर तेही सांगा.

तिचा चेहरा उतरला. “क्यों? क्या हो जाता है?”

मी काय होतं ते सांगायला तोंड उघडलं, तर दीर मधे आला. चांगला माणूस वाटला. आवाज चढवला नाही. “बहनजी,” तो म्हणाला, “वो पहले ही घबराई हुई है. अच्छा-अच्छा बोलिए ना.”

ती बाई माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते त्यावर तिचं काहीतरी अवलंबून होतं. मला आठवलं, तेव्हा मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही विचारलं असतं, आणि कुणीतरी मला ‘मैं हूँ ना’ म्हटलं असतं, आणि मी गप्प बसले असते.

“नहीं, नहीं,” मी तिला म्हटलं. “सब ठीक होता है.”

दाराची एक फळी उघडली आणि तिच्या नवऱ्याला आत घेतलं. तो हात हलवून हसला. ती उभी राहिली, मग बसली. मी पाण्याची बाटली घेऊन मुलीच्या खोलीत परत गेले. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. आम्हाला त्याच संध्याकाळी घरी सोडलं.

मुलगी आता शाळेत जाते. पोटावरच्या टाक्यांची खूण मैत्रिणींना दाखवते. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, बदलून घ्या. त्या नको म्हणतात आणि मी आग्रह करत नाही. मालीश आता मी करते. दुपारी शाळेतून आले की त्याला आधी एका कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, मग दुसऱ्या कुशीवर. अंग जड झालं आहे, एकटीला जमत नाही. मग मुलगी दप्तर टाकून येते, काही न बोलता त्याच्या खांद्याखाली हात घालते आणि आम्ही दोघी त्याला वळवतो.